कल्याणीचे विधिग्रंथ आणि खेळण्याचा कागद

राजांनी जिंकलेल्या लढायांची नोंद इतिहासकार घेतात, आणि त्यांनी बांधलेल्या देवालयांची व किल्ल्यांची मोजमापे पुराणवस्तुसंशोधक घेतात. परंतु ‘हे कसे करावे’ एवढेच सांगण्यासाठी ज्यांनी लेखणी हाती धरली, त्या लेखकांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. काव्य रसिक वाचतात, तत्त्वज्ञान जिज्ञासू वाचतात; विधिग्रंथ मात्र काम अडल्यावाचून कोणी उघडीत नाही आणि काम झाल्यावर कोणी जपून ठेवीत नाही. अशा उपेक्षित वाङ्मयाविषयी चार विचार मांडावेत, या हेतूने हा लेख लिहिला आहे. त्यास निमित्त झाले आहे एक अगदी लहानसे सूचनापत्र. हल्लीच्या रूप पालटणाऱ्या खेळण्यांच्या पेटीत घडी घालून ठेवलेला तो कागद होय.

ही खेळणी बहुतेक वाचकांनी पाहिली असतील. हातात असते मोटारगाडी. तिची दारे बाहेर ओढून, टप फिरवून, चाके आत दुमडून पाहता पाहता तिचा मनुष्याकृती यंत्रपुरुष होतो, आणि त्याच क्रियांनी तो पुन्हा गाडी होतो. साध्या खेळण्यास पाच-सहा क्रिया पुरतात. अवघड खेळण्यास वीस-तीसही लागतात. पेटी उघडताच मूल खेळण्यावर झडप घालते आणि कागद जमिनीवर पडतो. दुसऱ्या दिवशी तो केरात जातो. तिसऱ्या दिवशी यंत्रपुरुष अर्धा गाडी व अर्धा माणूस अशा त्रिशंकू अवस्थेत अडकतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांस हाक येते. या कागदाची उपयुक्तता किती? मुलाच्या बुद्धीस तो साहाय्य करतो, की तिला पांगुळगाडा लावतो? प्रश्न खेळण्याचा दिसतो. परंतु विद्या कागदावर उतरवावी की नाही, उतरवल्यास कितपत उतरवावी, हा जुनाच वाद त्यात दडला आहे. आणि त्या वादाची उत्तरे आपल्या बिदर-कलबुर्गीच्या सीमाप्रदेशात जितकी विपुल सापडतात, तितकी अन्यत्र क्वचितच सापडतील.

हा प्रदेश १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात आला. त्याचे गुलबर्गा हे नाव जाऊन २०१४ साली कलबुर्गी हे नाव अधिकृत झाले. मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी उर्दू या चार भाषा येथे एकाच बाजारात ऐकू येतात. परंतु या भूमीचे एक वैशिष्ट्य असे की, येथील राजधान्यांनी विधिग्रंथांची एक मालिकाच निर्माण केली. कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट. तेथे नृपतुंग अमोघवर्षाच्या काळी, म्हणजे इसवी सन ८५० च्या सुमारास, ‘कविराजमार्ग’ हा कन्नडातील उपलब्ध ग्रंथांपैकी सर्वांत प्राचीन ग्रंथ सिद्ध झाला. तो काव्य नव्हे. काव्य कसे करावे, कोणते दोष टाळावेत, हे सांगणारा मार्गदर्शक ग्रंथ आहे. त्याच राजाची स्तुती आरंभी गाऊन महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला; त्यात नियम सांगावा आणि लगेच उदाहरण सोडविण्यास द्यावे, अशी पद्धती आहे. पुढे बिदर जिल्ह्यातील कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, येथे ‘मिताक्षरा’ व ‘मानसोल्लास’ हे दोन ग्रंथ झाले. आणि बहमनी काळात बिदर येथे १४७२ साली मदरसा उभारणारा वजीर महमूद गवान याने पत्रलेखन कसे करावे हे शिकविणारा ‘मनाझिर-उल्-इन्शा’ हा फारसी ग्रंथ लिहिला. काव्य, गणित, न्याय, राजजीवन आणि पत्रव्यवहार या पाच विषयांची ‘कसे करावे’ सांगणारी पुस्तके सहाशे वर्षांच्या अवधीत शेजारशेजारच्या तीन राजधान्यांशी निगडित व्हावीत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

यांपैकी ‘मिताक्षरा’ या ग्रंथाशी वकिलीच्या व्यवसायामुळे प्रस्तुत लेखकाचा परिचय अधिक. सहावा विक्रमादित्य चालुक्य (१०७६ ते ११२६) याच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. मूळ स्मृती अतिशय संक्षिप्त आहे. तिचे श्लोक ज्ञात्यास पुरेसे आहेत. परंतु समोर दोन भाऊ वाटणीसाठी उभे ठाकले असता त्या श्लोकांचे करावयाचे काय, हे श्लोक स्वतः सांगत नाहीत. विज्ञानेश्वराने ते सांगितले. ‘मिताक्षरा’ या नावाचा अर्थच मोजकी अक्षरे असलेली, असा आहे. तो एक पद घेतो, त्याचा अर्थ निश्चित करतो, मग वाचकाच्या मनात येणारी शंका स्वतःच उपस्थित करतो, आणि तिचे समाधान करून पुढील पदाकडे वळतो. ‘पिंड’ या एका शब्दाचे उदाहरण पाहावे. पिंड म्हणजे शरीर, आणि सपिंड म्हणजे शरीरसंबंधाने जोडलेले, असा अर्थ विज्ञानेश्वराने घेतला. बंगालच्या जीमूतवाहनाने ‘दायभाग’ ग्रंथात वारसाचा अधिकार श्राद्धात अर्पण करावयाच्या पिंडाशी जोडला. एका शब्दाच्या या दोन अर्थांमुळे बंगालमध्ये व उर्वरित हिंदुस्थानात वारसांचा क्रम शतकानुशतके निराळा राहिला.

कोलब्रुकने १८१० साली ‘मिताक्षरे’च्या दायविभागाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि कल्याणीतील पंडिताचे ते विवेचन कलकत्त्यापासून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत न्यायाधीशांच्या मेजावर गेले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने बरेच काही बदलले, तरी जन्मतःच सहदायाद होण्याची ‘मिताक्षरे’ची कल्पना टिकून राहिली, आणि २००५ च्या दुरुस्तीने तोच जन्मसिद्ध अधिकार कन्येसही मिळाला. मूळ वचन कितीही थोर असो, ते व्यवहारात उतरविण्यास मध्ये एक समजावून सांगणारा लागतो, याचे याहून ठळक उदाहरण दुसरे नाही. मळखेडशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या जयतीर्थांस द्वैत संप्रदायाने ‘टीकाचार्य’ ही पदवी दिली, तीही याच जाणिवेतून. आचार्यांचे वचन उघडून दाखविणारा स्वतः आचार्यच होय, ही आपली परंपरा आहे.

आता ‘मानसोल्लासा’कडे वळू. विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने इसवी सन ११२९ च्या सुमारास हा ग्रंथ रचला. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती, असे शंभर अध्याय त्यात आहेत. राज्य कसे मिळवावे व स्थिर करावे येथपासून आरंभ होऊन, हत्ती कसे पकडावेत, चित्रासाठी भिंत कशी तयार करावी, वज्रलेप कसा करावा, मासे कसे धरावेत, उडदाच्या वाटणाची इडरिका व गव्हाचे मंडक कसे करावेत, असे विषय त्यात येतात. पाचवी विंशती तर केवळ क्रीडेची आहे. तीत प्रहेलिका आहेत, चतुरंग म्हणजे बुद्धिबळ आहे, फाशांचा खेळ आहे आणि कवड्यांचाही आहे. एका सार्वभौम राजाने सिंहासनावर बसून खेळांचे नियम लिहून ठेवावेत, यात त्यास काहीही कमीपणा वाटला नाही. कारण खेळ हीसुद्धा विद्या आहे, आणि जी विद्या आहे ती सांगता आली पाहिजे, अशी त्याची धारणा असावी, असे ग्रंथाच्या एकंदर मांडणीवरून दिसते.

याच्या अगदी उलट भूमिका माळव्यात घेतली गेली होती. धार येथील परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथात एकतिसावा अध्याय यंत्रांचा आहे. लाकडी पक्षी, आपोआप हलणाऱ्या बाहुल्या, दारावर पहारा करणारे यंत्रपुरुष, अशा नाना यंत्रांचे वर्णन त्यात येते. परंतु यंत्र प्रत्यक्ष कसे जोडावे हे मात्र ग्रंथकार सांगत नाही. आणि न सांगण्याचे कारणही तो स्पष्ट देतो. हे अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी, असे त्याचे म्हणणे आहे. विद्या सर्वांस उघड झाली की तिचे फळ उरत नाही, अशी ही विचारसरणी आहे. भोजाच्या व कल्याणीच्या घराण्यांत पिढीजात वैर होते. सोमेश्वर आहवमल्लाच्या काळी चालुक्यांचे सैन्य धारेपर्यंत जाऊन पोहोचले होते. तलवारीच्या त्या वैरातील जयपराजय इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. ग्रंथरचनेच्या बाबतीत काय झाले, हे मात्र आज पाहावे. भोजाचे यंत्रपुरुष कसे चालत असत याविषयी पंडित तर्क करतात. सोमेश्वराचे पदार्थ मात्र आजही ग्रंथावरून कोणी करून पाहू शकतो. ज्याने झाकले त्याचे कुतूहल राहिले आणि ज्याने सांगितले त्याची विद्या राहिली.

आधुनिक कायद्याने या दोन भूमिकांमध्ये एक तडजोड घडवून आणली आहे. आपल्या १९७० च्या पेटंट अधिनियमाच्या दहाव्या कलमान्वये, ज्यास आपल्या शोधावर एकाधिकार हवा असेल त्याने तो शोध, त्याचे कार्य आणि तो अमलात आणण्याची स्वतःस ठाऊक असलेली उत्तम रीत, हे सर्व पूर्णपणे लिहून दिले पाहिजे. त्या मोबदल्यात त्यास वीस वर्षांचे संरक्षण मिळते. मुदत संपली की ते लिखाण सर्वांचे. म्हणजे राजा भोजाची भीती कायद्याने मान्य केली, परंतु कागद सोमेश्वरासारखा लिहून घेतला. लपवून ठेवण्याचा मार्ग मोकळा आहेच. पण मग संरक्षणाची अपेक्षा धरू नये.

खेळण्याच्या कागदाचाही स्वतंत्र इतिहास आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी याने १९०१ साली छिद्रे पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, खिळे व चाके यांच्या जोडणीच्या खेळण्याचे पेटंट घेतले. पुढे ते ‘मेकॅनो’ या नावाने जगभर गेले. त्या पेटीतील सुट्या पट्ट्या म्हणजे नुसती रद्दी लोखंडे. सोबतच्या पुस्तिकेतील आकृतींमुळे त्यांतून यारी, पूल व आगगाडी उभी राही. जपानात कागदाच्या घड्या घालण्याची कला फार जुनी. क्योतो येथे १७९७ साली एकाच कागदातून जोडलेले अनेक क्रौंचपक्षी घडविण्याविषयीचे पुस्तक छापले गेले; तथापि त्यात कागद कोठे कापावा आणि पूर्ण झालेली आकृती कशी दिसते एवढेच प्रामुख्याने दाखविले होते, मधल्या पायऱ्या वाचकाने स्वतः शोधावयाच्या. अकिरा योशिझावा याने १९५४ च्या आपल्या पुस्तकात तुटक रेषा व बाण यांची एक चिन्हभाषा योजिली, आणि त्यामुळे जपानी न जाणणारा मनुष्यही घडी घालू लागला. या परंपरेतच रूप पालटणारी खेळणी येतात. जपानच्या ताकारा कंपनीने अशी खेळणी प्रथम काढली, आणि अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ती १९८४ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने बाजारात आणली. त्यांचा कागद म्हणजे क्रमांक घातलेल्या आकृत्या व बाण. शब्द अगदी थोडे.

या कागदाचे मर्म कोठे आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. गाडी कशी दिसते हे मुलास पेटीवरील चित्रावरूनच कळते. यंत्रपुरुष कसा दिसतो हेही कळते. कागद सांगतो तो क्रम. अशा खेळण्यात प्रत्येक बिजागरी दुसऱ्या कशाच्या तरी आड आलेली असते. दार बाहेर ओढल्यावाचून हात फिरत नाही. कंबर वळविल्यावाचून पाय लांबत नाहीत. क्रम चुकला तर खेळणे अडते, आणि अडलेल्या ठिकाणी जोर लावला तर खिट्टी मोडते. ज्ञान नसले तरी चालेल, पण चुकीच्या जागी बळ नको, हा धडा तो कागद मुकाट्याने देत असतो. आपल्या जत्रांतून व रस्त्यावरील दुकानांतून अशी स्वस्त खेळणी पुष्कळदा कागदावाचून मिळतात. ती मोडतात याचे खापर मुलाच्या धसमुसळेपणावर फुटते. वास्तविक दोष विक्रेत्याचा, कारण त्याने अर्धीच वस्तू विकलेली असते. खेळण्यांवर सुरक्षिततेच्या प्रमाणाची मुद्रा असली पाहिजे, असा नियम आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला आहे. मुलास इजा होऊ नये यासाठी तो आवश्यक होताच. खेळणे नीट समजावून देणे ही मात्र अजून कारखानदाराची सज्जनताच राहिली आहे.

क्रमाचे महत्त्व मंदिराच्या छायेत वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको. वेदपठणाच्या विकृती आपण ऐकल्या आहेत. जटापाठात दोन पदे सरळ, मग उलट, मग पुन्हा सरळ म्हणावयाची. घनपाठात तीन पदे घेऊन एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशा रीतीने ती फिरवावयाची. पदे तीच, रूप मात्र पालटते; आणि उलट फिरून मूळ स्थानी यावयाचे असल्यामुळे एकही अक्षर गळू शकत नाही. ही सर्व रचना कागदावाचून, गुरुमुखातून शतकानुशतके टिकली. मग कागद कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, तेथे कागद नव्हता, परंतु विधी होता; आणि तो विधी इतका काटेकोर होता की, तो कागदाहूनही अधिक टिकाऊ ठरला. त्याची किंमतही तशीच मोजावी लागली. एका घनपाठीच्या तयारीत बालपण व तारुण्य यांची अनेक वर्षे जातात, आणि गुरूच्या समोर बसावे लागते. ज्या विद्येसाठी समाज इतका वेळ देण्यास तयार आहे, ती मुखोद्गत राहील. ज्या विद्येस तेवढा वेळ कोणी देणार नाही, तिच्यासाठी कागदावाचून गत्यंतर नाही.

कागदाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. आणि तिचे उदाहरण बिदर शहरातच आहे. बिदरी काम आपण सर्वांनी पाहिले आहे. मुख्यतः जस्त व थोडे तांबे यांच्या मिश्रधातूचे भांडे वाळूच्या साच्यात ओततात. ते कानशीने घासून, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करून, त्यावर नक्षी कोरतात. कोरलेल्या खाचांत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवितात. आणि शेवटी भांडे तापवून बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने घासतात. जस्ताचा धातू काळाभोर होतो. चांदी तशीच शुभ्र राहते. एवढी कृती मीही येथे शंभर शब्दांत लिहिली. परंतु किल्ल्यातील कोणती माती घ्यावी? जुना कारागीर ती जिभेवर ठेवून ठरवितो. ती चव कोणत्या कागदावर उतरणार? शाह रशीद अहमद कादरी यांस २०२३ साली या कलेबद्दल पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्यांच्या बोटांत जे आहे ते वाचून येणारे नव्हे. शेजारी बसून, अनेक भांडी बिघडवूनच ते येते. २००६ साली बिदरी कामास भौगोलिक चिन्हाची नोंदणी मिळाली, आणि त्या निमित्ताने कृतीचे वर्णन सरकारी दप्तरी गेले, हे चांगलेच झाले. तथापि दप्तरातील वर्णन म्हणजे कला नव्हे. कागद दारापर्यंत आणून सोडतो. आत पाऊल शिष्यानेच टाकावयाचे असते.

म्हणून कोणी म्हणेल की, मग खेळण्याच्या बाबतीतही कागद फेकून द्यावा आणि मुलास चाचपडू द्यावे. त्यातच त्याची बुद्धी वाढेल. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. चाचपडण्याने शिकता येते ते शिकविणारा किंवा निदान उत्तर ताडून पाहण्याचे साधन जवळ असेल तेव्हा. महावीराचार्यांनी उदाहरणे सोडविण्यास दिली, पण त्याआधी नियम सांगितला. मुलाने प्रथम आपल्या बुद्धीने यत्न करावा, अडल्यावर कागद पाहावा, आणि जमल्यावर तो मिटून पुन्हा करून पाहावे, हा क्रम मला योग्य वाटतो. यात एक बारकावा आहे. गाडीचा यंत्रपुरुष करण्याच्या पायऱ्या कागदावर असतात. उलट जाण्यासाठी मात्र पुष्कळदा ‘हीच कृती उलट क्रमाने करावी’ एवढेच लिहिलेले असते. येथेच मुलाची खरी परीक्षा होते. शेवटची पायरी पहिली मानून मागे मागे येणे म्हणजे जटापाठातील उलट पदे म्हणण्यासारखेच होय. जो उलट येऊ शकला, त्यास ते खेळणे समजले. कागदाने त्यास पांगळे केले नाही. चालावयास शिकवून बोट सोडून दिले.

आणि कागद नसल्याने काय होते, हे पाहावयाचे असेल तर आमच्या कोकणी बंधूंच्या शेजारी, सावंतवाडीस जावे. तेथील दशावतारी गंजिफा प्रसिद्ध आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, एकूण एकशेवीस गोल पाने. लाखेच्या चकाकत्या रंगांत मत्स्य, कूर्म, वराह हाताने रंगविलेले. हा खेळ अवघड आहे. निम्म्या रंगांत आकड्यांचा चढउतार सरळ, निम्म्यांत उलट. दिवसा राम ज्याच्या हाती तो प्रथम खेळतो, रात्री कृष्ण ज्याच्या हाती तो. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जवळजवळ मावळली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली व १९७० च्या दशकाच्या आरंभापासून तिला पुन्हा उभे केले. या कार्याचे मोल मोठे आहे. पाने वाचली, परंतु ती खेळणारे हात फारसे उरले नाहीत. आज ती पाने घेणारे बहुतेक लोक ती चौकटीत बसवून भिंतीवर टांगतात. रुडॉल्फ फॉन लायडेन यांच्यासारख्या संग्राहकाने गंजिफांवर ग्रंथ लिहिला, म्हणून अभ्यासकास तरी ठावठिकाणा लागतो. परंतु ज्या घरांत आजी-आजोबा हा खेळ खेळत असत, त्या घरांत प्रत्येक पेटीसोबत नियमांचे एक पान ठेवलेले असते, तर नातवंडांनी ती पाने टांगली नसती, वाटली असती. नियम हरवले की खेळण्याची शोभेची वस्तू होते. रूप पालटणाऱ्या गाडीचेही तेच होते. कागद हरवला की ती फक्त गाडी राहते.

हाच धोका आपल्या देवस्थानांच्या दाराशी उभा आहे, आणि हा सर्व विचार अखेर तेथेच येऊन पोहोचतो. आपल्या रथोत्सवाचा रथ ही काय वस्तू आहे? वर्षभर ती मंडपात सुटी पडलेली असते: चाके, आस, तुळया, बांबू, दोर, कापडी तोरणे, कळस. उत्सवाआधी काही दिवसांत तिचा रथ होतो आणि उत्सवानंतर पुन्हा ती तुळया व दोर होते. पुरीस तर तिन्ही रथ दरवर्षी नव्या लाकडाचे करतात. जगन्नाथाच्या रथास सोळा चाके, बलभद्राच्या चौदा, सुभद्रेच्या बारा, आणि ही मापे वंशपरंपरेच्या सुतारांस तोंडपाठ आहेत. तेथे ते घराणे आहे, म्हणून विधी आहे. आपल्या लहान देवस्थानांत कोणता दोर आधी ओढावा, कोणती पाचर कोणत्या बाजूने ठोकावी, हे दोघा-तिघा वृद्धांस ठाऊक असते. त्यांची मुले पुण्यास, बंगळुरूस वा परदेशी गेलेली असतात. जी गोष्ट रथाची, तीच पालखीच्या सजावटीची, नैवेद्याच्या पात्रांची, वार्षिक उत्सवातील उपचारांच्या क्रमाची आणि त्या त्या देवस्थानाच्या खास आरत्यांच्या चालींची. शास्त्रोक्त पूजेच्या पोथ्या छापलेल्या आहेत. त्यांची चिंता नाही. पण ‘आमच्या देवळात असे करतात’ म्हणून जे वेगळेपण आहे, ते कोणत्याही पोथीत नाही.

ते लिहून ठेवणे हे आपले काम आहे, आणि ते फार अवघड नाही. मात्र लिहावयाचे ते विज्ञानेश्वराच्या व सोमेश्वराच्या रीतीने. अक्षरे मोजकी असावीत. क्रमास क्रमांक असावा. जेथे शब्द अपुरे पडतात तेथे आकृती असावी, आणि कोणी चुकण्याचा संभव असेल तेथे ‘येथे जोर लावू नये’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. रथ बांधण्यापुरतेच लिहून थांबू नये. सोडण्याचा क्रमही स्वतंत्र लिहावा, कारण भारलेला दोर चुकीच्या क्रमाने सोडला तर मनुष्याचा जीव जाऊ शकतो. शेवटी, लिहिलेला कागद वृद्ध जाणत्यापुढे वाचून दाखवावा आणि पुढच्या उत्सवात एखाद्या तरुणास तो हाती देऊन त्याच्या देखत काम करवून घ्यावे. जेथे तो अडेल, तेथे कागद अपुरा आहे असे समजून भर घालावी. न्यायालयात दस्तऐवजाची परीक्षा होते तशी या कागदाची परीक्षा कामावर व्हावी.

कोणी शंका काढील की, गुप्त राखण्याच्या काही गोष्टी असतात. सर्वच कागदावर आल्या तर देवस्थानाचे पावित्र्य राहील काय? मंत्रदीक्षेसारख्या ज्या गोष्टी अधिकाऱ्यासच द्यावयाच्या त्या तशाच राहाव्यात. त्यांस हात लावण्याचे कारण नाही. परंतु दोराची गाठ व पाचरेची बाजू ही गुह्ये नव्हेत. त्यांवर गुप्ततेचे पांघरूण घालणे म्हणजे धारेच्या यंत्रशास्त्राची गत आपल्या हाताने ओढवून घेणे होय. महमूद गवानास १४८१ साली खोट्या पत्राच्या आधारे मारण्यात आले. त्याच्या मदरशाचा काही भाग पुढे औरंगजेबाच्या काळी दारूच्या स्फोटाने उडाला. मिनार ढासळतात, वजीर जातात; पत्र कसे लिहावे हे सांगणारे त्याचे पुस्तक मात्र राहिले. कल्याणीचे राजवाडे आज शोधून काढावे लागतात, पण तेथे लिहिलेल्या टीकेचा आधार घेऊन न्यायालयांत वाद चालत आले.

एवढे झाल्यावर त्या लहानशा कागदाविषयी एक शब्द. घरात रूप पालटणारे खेळणे आले की त्याचा कागद केरात टाकू नये. तो एखाद्या जुन्या वहीत चिकटवून ठेवावा आणि मुलास ती वही दाखवून ठेवावी. खेळणे वर्षभरात जुने होईल. परंतु जी वस्तू आपण घेतो तिची रीतही जपावयाची असते, ही सवय त्या वहीमुळे लागेल. आणि ज्या मुलास ती सवय लागली, ते उद्या रथाच्या दोरांजवळ उभे राहील तेव्हा प्रथम जाणत्यास विचारील, मग लिहून घेईल, आणि मगच दोरास हात लावील.